कोणाला कोणते पुस्तक द्यावे : सीमाभागातील मराठी वाचनालयांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील अनेक लहान मराठी वाचनालयांत पुस्तके काचेच्या कुलूपबंद कपाटांत असतात आणि टेबलामागे बसलेली एकच व्यक्ती देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रांची फाइल असे सगळे सांभाळत असते. सभासदाला स्वतः कपाटापुढे उभे राहून पुस्तके चाळता येत नाहीत. त्यामुळे "एखादे चांगले पुस्तक द्या" ही मागणी टेबलापाशी येते आणि तिला उत्तर म्हणून बहुधा देणाऱ्याच्या आवडीचे किंवा नुकतेच परत आलेले पुस्तक पुढे सरकवले जाते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. तिच्यातील दोन सूत्रे, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, सर्वांच्या तोंडी असतात. टेबलावर ती रोज कशी पाळायची, याविषयीच्या या सूचना पगारी ग्रंथपालाइतक्याच हौसेने बसणाऱ्या कार्यकर्त्यासाठीही आहेत.

आधी माध्यम, मग वय

वयानुसार पुस्तके द्यावीत हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम आपल्या भागात अपुरा पडतो. येळ्ळूर किंवा कडोलीच्या मराठी शाळेतील चौथीचे मूल आणि टिळकवाडीतील इंग्रजी माध्यमात आठवीला असलेले मूल मराठी वाचनाच्या दृष्टीने एकाच पायरीवर असू शकतात. दुसऱ्या मुलाच्या घरी मराठी बोलली जाते, हिंदी विषयामुळे देवनागरी अक्षरेही त्याच्या ओळखीची असतात, परंतु सलग मराठी मजकूर वाचण्याची सवय त्याला नसते. कन्नड माध्यमात शिकलेल्या आणि आता नोकरी करणाऱ्या तरुणांचीही स्थिती हीच असते. त्यांची समज प्रौढ असते, फक्त डोळ्यांचा वेग कमी असतो. म्हणून नव्या सभासदाला, विशेषतः मुलांना आणि तरुणांना, पहिला प्रश्न विचारावा तो शाळेच्या माध्यमाचा. "मराठी येते का?" असे विचारू नये. त्यात परीक्षा घेतल्याचा भाव येतो आणि उत्तरही "येते" असेच मिळते.

वेग कमी पण समज मोठी असलेल्या वाचकासाठी पुस्तक निवडताना दोन गोष्टी एकदम साधाव्या लागतात. वाक्ये छोटी आणि प्रकरणे आटोपशीर हवीत, आणि विषय मात्र त्याच्या वयाचाच हवा. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात मुखपृष्ठावर ससा-कासव असलेले पुस्तक दिले, तर ते मित्रांसमोर उघडायलाही त्याला संकोच वाटतो. अशा मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चांगला लागू पडतो. घटना भराभर घडतात, संवाद भरपूर असतात आणि प्रत्येक पुस्तक स्वतंत्र असल्यामुळे कोणतेही आधी वाचले तरी बिघडत नाही. प्रौढ नवशिक्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची आहे. तिची वाक्ये इतकी सोपी आहेत, की अडखळत वाचणारा वाचकही शेवटापर्यंत पोचतो, आणि शेवटापर्यंत पोचलेला वाचक दुसरे पुस्तक मागायला येतोच.

पुस्तक जड जाईल की नाही, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. मधले कोणतेही पान उघडून द्यावे, मनातल्या मनात वाचायला सांगावे आणि जो शब्द अडेल त्यासाठी एक बोट मिटायला सांगावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक थोडे थांबून द्यावे. हे मोठ्याने वाचून घेऊ नये, कारण टेबलाशी इतर लोक उभे असतात.

काय विचारावे

"तुम्हाला कोणती पुस्तके आवडतात?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला "ऐतिहासिक" किंवा "काहीही चालेल" एवढेच उत्तर मिळते, आणि पुष्कळदा ते समोरच्यावर छाप पाडण्यासाठी दिलेले असते. त्याऐवजी शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते, आणि अर्धवट सोडलेले कोणते, हे विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक बोलके असते. 'मृत्युंजय' अर्ध्यावर सोडणाऱ्याला महाभारत नको असते असे नाही. शिवाजी सावंतांची अलंकारिक भाषा किंवा पुस्तकाची जाडी, यांपैकी एखादी गोष्ट त्याला नको असते. नेमके काय नको होते, हे कळल्याशिवाय पुढचे पुस्तक काढू नये.

वाचक एखाद्या पुस्तकाविषयी बोलू लागला, की तो कशाबद्दल बोलतो याकडे लक्ष द्यावे. कोणी "पुढे काय होते कळेना, रात्री जागून संपवले" असे म्हणतो, त्याला कथानक ओढून नेते. कोणी एका पात्राबद्दलच बोलत राहतो, कोणी त्या गावाबद्दल, त्या काळाबद्दल, आणि एखादाच लिहिण्याच्या धाटणीबद्दल. पुस्तकाच्या विषयापेक्षा ही ओढ जुळवणे महत्त्वाचे असते. 'पानिपत' वेगासाठी वाचणाऱ्याला दुसरी ऐतिहासिक कादंबरी देण्यापेक्षा रत्नाकर मतकरींच्या गूढकथा किंवा नारायण धारपांची भयकथा दिली तर तो अधिक खूश होण्याची शक्यता आहे. हे ऐकायला विचित्र वाटते, परंतु करून पाहावे.

एका वेळी तीन पुस्तके टेबलावर ठेवावीत. एक खात्रीचे, म्हणजे वाचकाच्या आधीच्या आवडीला लागून असलेले. दुसरे थोडे पुढचे. आणि तिसरे अगदी वेगळे, परंतु पातळ. प्रत्येकाविषयी दोन वाक्ये सांगावीत आणि निवड त्याच्यावर सोडावी. "हे वाचलेच पाहिजे" असे म्हणू नये. पहिली वीस-पंचवीस पाने वाचूनही मन लागले नाही, तर पुस्तक खुशाल परत आणावे, हे आवर्जून सांगावे. आपल्याकडे पुस्तक अर्धवट सोडणे हा अपराध मानला जातो, आणि त्या धाकाने न आवडलेले पुस्तक महिनाभर घरी पडून राहते आणि त्याबरोबर सभासदही घरीच राहतो.

मुले आणि कुमार

अगदी लहान मुलांच्या बाबतीत पुस्तक मुलासाठी आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्यासाठीही निवडावे लागते. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके या वयाला उत्तम आहेत. त्यांतील घर, आजी, भांडणे, रुसवे नेहमीचे असतात आणि उपदेश जवळजवळ नसतो. 'प्रथम बुक्स'ची मराठी पुस्तके चार पायऱ्यांत विभागलेली असतात आणि पायरी पुस्तकावरच छापलेली असते, त्यामुळे स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी ती निवडणे सोपे जाते. वाचनालयात बालविभागासाठी पैसे थोडेच असतील, तर ही पातळ पुस्तके अधिक संख्येने घ्यावीत. एक जाडजूड गोष्टीसंग्रह एकाच घरी अडकून पडतो.

मुलाला काय आवडते हे त्यालाच ठाऊक नसेल, तेव्हा माधुरी पुरंदरे यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे' हाताशी असावे. बालगट आणि कुमारगट अशा भागांतून त्यात मराठी साहित्यातील निवडक उतारे चित्रांसह दिलेले आहेत. मुलाने ते घरी नेऊन चाळावे आणि कोणता उतारा पुन्हा वाचला ते येऊन सांगावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक रद्दीत न देता वर्षवार बांधून ठेवावेत, कारण पुस्तकाला हात न लावणारे मूल मासिक मात्र सहज उचलते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या यांत काळाचे अंतर मोठे आहे. म्हणून आधी बोक्या द्यावा, आणि तो आवडल्यास गोट्या.

'श्यामची आई'विषयी थोडे वेगळे मत नोंदवतो. नातवासाठी पुस्तक न्यायला आलेले आजोबा बहुधा तेच मागतात. पुस्तक थोरच आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या, मराठी वाचनाची सवय नसलेल्या मुलाला ते एकट्याने वाचायला देऊ नये. एकेका रात्री एकेक प्रसंग सांगितला जातो, अशी त्याची रचनाच आहे. तेव्हा आजोबांनी रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे असे सुचवावे. आजोबांनाही ते पटते.

बारा-तेरा वर्षांनंतरचा वाचक सर्वांत लवकर निसटतो. मुलांच्या कपाटात त्याला कमीपणा वाटतो आणि मोठ्यांच्या कपाटात काय घ्यावे कळत नाही. त्याच्यासाठी टेबलाजवळच एक वेगळा खण करावा आणि त्यावर 'कुमार' वगैरे पाटी लावू नये. त्यात जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'सारख्या विज्ञानकथा असाव्यात, मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या विनोदी कथा असाव्यात, थोड्या मोठ्या मुलामुलींसाठी मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणि सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' असावी. आणि प्रकाश नारायण संतांचा लंपन असावाच. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तके याच क्रमाने द्यावीत. लंपनच्या भोवतालच्या माणसांची कानडी वळणाची मराठी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवलाची वाटते, आपल्या मुलांना ती शेजारच्या काकूंची वाटते. मात्र या कथांना घाई नाही, लंपनच्या मनात जे चालते तेच त्यांचे कथानक आहे. म्हणून फास्टर फेणेनंतर लगेच देण्यापेक्षा मध्ये एक-दोन पुस्तके जाऊ द्यावीत.

सैन्यभरतीची तयारी करणारी मुले खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत नित्य दिसतात, कारण मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. ती सामान्यज्ञानाची आणि अंकगणिताची मार्गदर्शके मागतात. ती आधी द्यावीत, अनमान करू नये, "जरा चांगले काहीतरी वाचा" असे तर म्हणूच नये. मार्गदर्शक परत करायला येतील त्या दिवशी एखादे लहान सैनिकी चरित्र किंवा युद्धकथांचे पुस्तक सोबत ठेवावे. दोन्ही पुस्तके एकदम नेण्याची सवलत या वाचकांना द्यावी.

मोठ्यांच्या वाचनाच्या वाटा

प्रौढ वाचकाला पुढचे पुस्तक सुचवायचे, तर एका पुस्तकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या काही वाटा मनात तयार असाव्यात. पुढील वाटा आपल्या भागाला धरून आहेत. प्रत्येकाने आपल्या कपाटांकडे पाहून त्यांत भर घालावी.

महाभारताची वाट सर्वांत रहदारीची आहे. 'मृत्युंजय' आवडलेल्या वाचकाला बहुधा रणजित देसाईंची 'राधेय' दिली जाते आणि तो कर्णापाशीच थांबतो. त्याला इरावती कर्वे यांचे 'युगान्त' द्यावे. हे लेख आहेत हे आधी सांगावे, कारण कादंबरीच्या अपेक्षेने नेलेले पुस्तक चौथ्या दिवशी परत येते. त्यानंतर एस. एल. भैरप्पांचे 'पर्व'. चमत्कार बाजूला ठेवून महाभारताची कथा माणसांच्या पातळीवर सांगणारी ही कन्नड कादंबरी उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आहे, आणि उमाताईंचा जन्म बेळगावचा. 'पर्व' आवडले तर त्याच लेखक-अनुवादकांचे 'वंशवृक्ष' आणि पुढे गिरीश कार्नाडांचे आत्मचरित्र 'खेळता खेळता आयुष्य' सुचवता येते. कन्नड सहज वाचणाऱ्या सभासदाला मूळ पुस्तक वाचण्याचा पर्यायही मोकळेपणाने सांगावा. आपल्या वाचनालयातून एक पुस्तक कमी गेले म्हणून काही बिघडत नाही.

इतिहासाच्या वाटेवर 'स्वामी' हा सोपा प्रारंभ आहे. १९६२ साली आलेली ही कादंबरी 'श्रीमान योगी'पेक्षा आटोपशीर आहे, आणि तिचे लेखक रणजित देसाई बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातील कोवाडचे, एवढे सांगितले की नवा वाचकही कुतूहलाने पुस्तक हातात घेतो. एखादा चित्रपट आला की त्यामागच्या कादंबरीची मागणी एकदम वाढते. २०२५ मध्ये 'छावा'च्या वेळी हे सर्वांनी पाहिले. अशा वेळी प्रतीक्षायादीतल्या वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नये, त्याच काळावरचे दुसरे पुस्तक द्यावे. कादंबरीलाच इतिहास समजणाऱ्याशी वाद घालू नये. त्या काळाचा एक लहान, संदर्भ देणारा इतिहासग्रंथ पुढच्या खेपेस सोबत ठेवला, तर तुलना तो स्वतःच करतो.

शेतकरी कुटुंबातल्या वाचकासाठी, त्यातही निपाणी-चिकोडीकडच्या, आनंद यादवांसारखा दुसरा लेखक नाही. यादव कागलचे, आणि कागल निपाणीच्या वेशीवरच आहे. 'गोतावळा'तले शेत, जनावरे आणि ट्रॅक्टर आल्यावर होणारी उलथापालथ आपल्या ऊसपट्ट्याला नवी नाही. शिकण्यासाठी घरच्यांशी झगडावे लागलेल्या वाचकाला 'झोंबी' द्यावी. मात्र बोलीतले लेखन कानाला ओळखीचे असले, तरी डोळ्यांना अनोळखी असते. सुरुवातीची दोन पाने मोठ्याने वाचावीत, म्हणजे ते उलगडते, एवढी सूचना पुरेशी होते. निपाणीचे महादेव मोरे यांच्या कथा याच वाटेवर पुढे येतात. गॅरेजमधली, तंबाखूच्या वखारीतली कष्टकरी माणसे त्यांनी जितक्या जवळून लिहिली, तितकी क्वचितच कोणी लिहिली असतील, आणि तरीही आपल्याच कपाटांत ती पुस्तके धूळ खात असतात.

विनोद मागणाऱ्याला पु. ल. देशपांडे दिले जातात ते योग्यच आहे. 'बटाट्याची चाळ' बहुतेकांनी वाचलेली असते, म्हणून 'गणगोत' काढावे आणि त्यातले बेळगावचे 'रावसाहेब' आधी वाचायला सांगावे. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, त्यामुळे त्यातली भाषा नेमकी इथली आहे. तेथून चि. वि. जोशींच्या चिमणरावाकडे मागे जाता येते.

कविता कोणी मागत नाही, ती सुचवावी लागते. इंदिरा संतांचे दीर्घ वास्तव्य बेळगावात होते. 'गर्भरेशीम' या त्यांच्या संग्रहाला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. संग्रह सलग वाचण्याची गरज नाही, रोज एखादी कविता वाचावी, आणि त्यासाठी परतीची मुदत वाढवून द्यावी.

आत्मकथन वाचणाऱ्या स्त्रियांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' ही पुस्तके एकापाठोपाठ द्यावीत. काळ, घर, संसार सगळे वेगळे असूनही दोघींचा सडेतोडपणा सारखाच जाणवतो. आणि ही पुस्तके स्त्रियांनाच द्यावीत असेही नाही.

ज्येष्ठ वाचक

येथे मजकुराआधी टंक पाहावा. बारीक अक्षर, पिवळा पडलेला कागद आणि पाचशे पानांची जड बांधणी, असे पुस्तक कितीही आवडीचे असले तरी हातात धरवत नाही. कादंबरी दोन भागांत बांधलेली असेल, तर ती प्रत ज्येष्ठांसाठी वेगळी ठेवावी. ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ यांच्या मोठ्या अक्षरांतल्या प्रती ठेवाव्यात. वारकरी घरांत त्या पाठच असतात, तरी सार्थ आवृत्तीला मागणी असते. सलग वाचन थकवते त्यांना दिवाळी अंक द्यावेत. १९०९ साली 'मनोरंजन'पासून सुरू झालेल्या या परंपरेचा खरा उपयोग दिवाळीनंतर वर्षभर होतो. एका बैठकीत संपणारी कथा, एक लेख, एक व्यंगचित्र, एवढे त्यांना पुरते.

काय टाळावे

वाचकाच्या आडनावावरून, जातीवरून, धर्मावरून किंवा पेशावरून पुस्तक ठरवू नये. 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या' ही दलित-भटक्या समाजांतल्या लेखकांची आत्मकथने त्याच समाजांतल्या वाचकांना सुचवणे हा वाचकाचा आणि पुस्तकाचा, दोघांचाही अवमान आहे. गृहिणी आली की पाककृती आणि निवृत्त शिक्षक आले की अध्यात्म, हीदेखील त्याच जातीची घाई आहे. एकाने काय नेले हे दुसऱ्याला सांगू नये. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि घटस्फोटाविषयीचे, आजाराविषयीचे किंवा कर्जाविषयीचे पुस्तक कोणी नेले, ही बातमी वाचनालयातून फुटली तर त्या सभासदाचे येणे बंद होते. मुलांच्या बाबतीत पालकांचे म्हणणे ऐकावे, पण निवडताना मुलाकडेच पाहावे. सीमाप्रश्नावरची पुस्तके मागणाऱ्याला जरूर द्यावीत, शक्यतो एकाहून अधिक बाजूंची द्यावीत, आणि त्यावरची चर्चा टेबलापाशी न करता संध्याकाळी कट्ट्यावर करावी.

नोंद आणि खरेदी

देवघेवीच्या रजिस्टरात पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख असते, पण ते आवडले की नाही हे नसते. म्हणून प्रत्येक नियमित सभासदाच्या कार्डामागे पेन्सिलीने दोन शब्द लिहावेत: "विनोद हवा", "जाड नको", "लंपन आवडला". टेबलावरची व्यक्ती बदलली तरी त्याचा उपयोग होतो. दुसरी एक साधी वही 'मागितले, पण नव्हते' अशा पुस्तकांसाठी ठेवावी. त्यात वाचकाचे नाव नको, पुस्तकाचे किंवा विषयाचे नाव आणि महिना एवढेच असावे. तीनदा आलेले नाव पुढच्या खरेदीत सर्वांत वर घ्यावे. आपल्याकडे हिवाळ्यात उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कारदगा या गावांत साहित्य संमेलने भरतात. तेथे पुस्तकविक्री असेल, तर ही वही बरोबर न्यावी आणि वाचनालयाच्या समितीने दिलेली रक्कम तिच्या आधारानेच खर्च करावी. विक्रेत्याने सवलतीत दिलेला गठ्ठा स्वस्त पडतो, पण त्यातली निम्मी पुस्तके कोणासाठी घेतली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. नवी पुस्तके दाखल झाली, की कपाटात जाण्यापूर्वी ती आठवडाभर टेबलावर मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवावीत, आणि ज्याच्या मागणीवरून एखादे घेतले, त्या सभासदाचा पहिला हक्क राखून त्याला निरोप पाठवावा.